उगवतीच्या खिडकीचं भाडं

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही जी गोष्ट नुसती ऐकलेलीच होती, त्या काळात एका डोंगराच्या उतारावर एक पेठ होती. राजाचा हुकूम असा, की राज्यातलं सगळं कापड त्या पेठेतच विकायचं. त्यामुळे विणकराचं पोर हाताशी आलं, त्याचं लग्न झालं, की त्याला गाव सोडून पेठेत यावंच लागे. आणि पेठेत येऊन राहायचं कुठे, तर आबांच्या आळीत.

दुसरीकडे जागाच नव्हती. आबांच्या पणजोबांना कुण्या राजाने तो अख्खा उतार बक्षीस दिला होता. पणजोबांनी काय पराक्रम केला होता ते आबांनाही नीट सांगता येत नसे. उतारावर एकेका खोलीची नऊ घरं एका ओळीत उभी होती आणि सगळ्यांत वर आबांचा झोपाळा होता. त्यांना कुणी मालक म्हटलेलं खपत नसे. "मालक काय म्हणता रे, आबा म्हणा," असं ते फार प्रेमाने सांगत. भाडं मात्र मालकासारखंच घेत.

भाडं कापडात द्यायचं. विणलेल्या दर दहा हातांमागे काही हात आबांचे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं माप. आबा स्वतः बुटके, म्हणून मोजायला त्यांनी एक ताडमाड गडी ठेवला होता. त्याच्या अंगरख्याच्या बाह्यांना शिंपी दीडपट कापड लावी, यावरून काय ते समजा.

आळीचे दोन रिवाज होते. पहिला खड्ड्याचा. त्या काळी मागाला जमिनीत खड्डा लागे. विणकर त्यात पाय सोडून बसे, खाली पायांनी पावड्या दाबी आणि वर हाताने धोटा फेकी. घर सोडताना ज्याने त्याने आपला खड्डा बुजवायचा, माती चोपायची, वर सारवण घालायचं. नव्याने यायचं आणि पुन्हा खणायचं. आबा म्हणत, "खड्डा तुमचा, जमीन माझी."

दुसरा रिवाज दिवाळीच्या पाडव्याचा. त्या दिवशी आबा दारोदार फिरत आणि येत्या वर्षाचं भाडं प्रत्येकाच्या कानात सांगत. मग तळहातावर एक बत्तासा ठेवत. तो तोंडात टाकला की शपथ झाली, आकडा कुणाला सांगायचा नाही. "तुला म्हणून कमी केलंय हो," ते कुजबुजत. "बाकीच्यांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल." आणि माणूस कसा असतो बघा. आपल्याला कमी लावलंय हे ऐकून तो खूश होऊन बत्तासा चघळतो, आणि बत्तासा विरघळायच्या आत त्याच्या मनात येतं, शेजाऱ्याला याहून कमी लावलं नसेल ना?

या आळीत टोकाच्या आधीच्या, दोन्ही बाजूंनी घरं असलेल्या मधल्या घरात सोनबा नावाचा तरुण विणकर आणि त्याची बायको येसू राहत. घरासमोर वरच्या बांधाची भिंत होती. दुपार झाल्याशिवाय आत उजेड येत नसे आणि आलेला उजेड फार वेळ थांबत नसे. खोलीत माग होता, चूल होती, एक वळकटी होती. येसूला दिवस गेले होते आणि पाळणा टांगायचा तर मागावरच टांगावा लागणार होता. सोनबाने तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं, थोडं थोडं कापड बाजूला टाकून ओढ्याकाठी जमिनीचा एक तुकडा घ्यायचा. पण दहातले चार हात आबांचे, आणि उरलेल्यात सूत, मीठ, जोंधळे. बाजूला पडायचं काय, तर धुळीचा थर.

त्याच्या शेजारी, ओळीच्या टोकाच्या घरात, धुरपा राहायची. एकटीच होती. आई-बाप गेलेले, माग तेवढा बापाचा. तिच्या घराला उगवतीकडे खिडकी होती.

त्या खिडकीने सोनबाचं वाटोळं केलं. पहाट फुटली की धुरपाच्या मागावर ऊन पडे आणि भिंतीपलीकडून धोट्याचा आवाज सुरू होई. खट्, खट्, खट्. सोनबा अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राही आणि तो आवाज मोजी. ती गुणगुणायला लागली की त्याच्या पोटात दुखायला लागे. धुरपाचं काठाचं कापड आधी तयार होई, आधी विकलं जाई. पेठेत कुणी म्हणालं, "काय सुंदर काठ काढते हो ती!" तर सोनबा म्हणे, "खिडकी आहे ना." कुणी म्हणालं, "एकटी पोर, पण धीराची," तर म्हणे, "खिडकी आहे ना."

"हिला तीनच हात लावले असणार," तो येसूला सांगे. "एकटी बाईमाणूस म्हणून आबांनी सूट दिली असंल. न्हाईतर एवढं गाणं सुचतंय व्हय कुणाला?"

"आवं, मग इचारा की तिला," येसू म्हणे.

"शपथ हाय. बत्तासा खाल्लाय आपण."

शपथेची काळजी त्याला नव्हती. ती खरंच तीन देते असं ऐकावं लागलं तर काय, ही भीती होती. हेव्याचं असंच असतं. त्याला खरं कळून घ्यायचं नसतं, त्याला नुसतं जळायचं असतं. येसूने एकदा सुचवलं, की सगळ्यांनी मिळून आबांकडे जावं, भाडं कमी करा म्हणावं. सोनबा फणकारला. "तिला कशाला कमी हवंय? ती येणारच न्हाई."

पाडवा झाला आणि चार दिवसांनी सोनबा एकटाच उतार चढून गेला. आबा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते.

"आबा, धुरपाचं घर मला द्या. मी पाच हात देईन."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "अरे बाळा, एकट्या पोरीला बाहेर काढू? माझं मन कसं होईल?" मग त्यांनी झोपाळ्याला पायाने हलकेच रेटा दिला. "सहा देशील?"

सोनबाच्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती, आणि त्या खिडकीत धुरपा नव्हती. येसूला वाटेल बाळासाठी, आबांना वाटेल उजेडासाठी. खरं सांगायचं तर धुरपा तिथे नसणं, हेच त्याला सगळ्यांत गोड वाटत होतं.

"देतो," तो म्हणाला.

"येसूच्या बाळासाठी करतोय हो मी हे," आबा म्हणाले.

घरी येऊन त्याने येसूला सांगितलं, की टोकाचं घर रिकामं होतंय आणि आबांनी दया करून ते आपल्याला दिलंय. सहाचं काही बोलला नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धुरपाने आपला खड्डा बुजवला. सोनबा दारात बसून बघत होता. ती घमेल्याने माती ओतत होती, पायाने दाबत होती, पुन्हा ओतत होती. दोन घमेली होईपर्यंत त्याला बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं, पण तो उठला नाही.

सारवण वाळल्यावर धुरपा हात धुऊन त्यांच्या दाराशी आली. तिच्या हातात एक छोटंसं दुपटं होतं, पिवळ्या काठाचं.

"वैनी, बाळासाठी विणलं हुतं. म्हनलं जाताना द्यावं."

"पर अशी एकाएकी का निघालीस?" येसूने विचारलं.

"आबा म्हनले, कुनीतरी सहा देतंय, तू देशील का? मी पाचच कशीबशी देत हुते. चार घराचे, एक खिडकीचा. सहा दिल्यावर खायाचं काय?" ती हसली, पण ओठांनीच. "आता बत्तासा संपला, म्हनून सांगते. दादा, मला तुमचा लई हेवा वाटायचा."

"माझा?" सोनबाने विचारलं.

"व्हय. मधलं घर, अंधाराचं, म्हनून तुम्हांस्नी तीनच असतील असं वाटायचं. मी तांबडं फुटलं की मागावर बसायची, पाच भरायचे म्हनून. आन् भिंतीपल्याड तुम्ही दोघं निवांत पडलेले. तुमचं बोलनं ऐकू आलं की माझा जळफळाट व्हायचा. ऐकू येऊ नये म्हनून मी गात बसायची." तिने दुपटं येसूच्या हातात दिलं. "कुनी घेतलं असंल हो घर?"

येसूने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. मग धुरपालाही समजलं. तिने माग बैलगाडीवर चढवला आणि ती मागे न बघता उतार उतरून गेली.

सोनबा टोकाच्या घरात आला. त्याने खड्डा खणायला घेतला तर माती भुसभुशीत निघाली, अजून ओली होती. घटकेत काम झालं. येसू त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

चैत्रात बाळ झालं. पाळणा खिडकीपाशी टांगला, ऊन पाळण्यावर पडू लागलं. पण दहातले सहा हात आबांचे. सोनबा पहाटेपासून मागावर, तो उठला की येसू मागावर. बाळ रडलं तर पायाने दोरी ओढायची आणि हाताने धोटा फेकायचा. उजेड मिळाला होता, पण त्यात लेकराचं तोंड बघायला सवड नव्हती. ओढ्याकाठच्या जमिनीचं नावसुद्धा आता घरात निघत नव्हतं. आणि मधल्या अंधाऱ्या घरात आबांनी मल्हारी नावाचा नवा विणकर आणला, त्याच्या कानात सांगितलं, "टोकाचं घर सहा देतं. तुला म्हणून पाच." हळूहळू सगळ्या आळीत असंच झालं. सोनबाने एका घराचं भाडं वाढवलं होतं, आबांनी त्याच्या आधारावर नऊ घरांचं वाढवलं.

पुन्हा पाडवा आला. आबा सोनबाच्या कानाशी वाकले.

"सात."

"सात? आवं आबा, का?"

"काय करू बाळा? कुणीतरी या खिडकीचे सात देतो म्हणतोय. तुला काढायला माझं मन होत नाही, म्हणून तुलाच आधी विचारतोय." आणि त्यांनी त्याच्या हातावर बत्तासा ठेवला.

भिंतीपलीकडे एकदम शांत झालं होतं. सोनबाने त्या भिंतीकडे पाहिलं. वर्षभर पहाटे तिथे कुणीतरी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेलं असणार, त्याच्या धोट्याचा आवाज मोजत. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बत्तासा तोंडात टाकायला हातच वर होईना.

सोनबाचं दार शेवटचं होतं; आबा उतार चढून झोपाळ्याकडे परतले. सोनबा आळीच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडला, "मला सहा लावले हुते! आता सात सांगितलेत! धुरपा पाच द्यायची, आन् तिला घालवली ती मी!"

दारं उघडली. सगळ्यांत आधी मल्हारीचं, मान खाली घातलेलं. "मला पाच," तो म्हणाला. "सात देतो म्हननारा मीच, दादा." मग पलीकडून कुणी साडेपाच म्हणालं. खालच्या गळक्या घरातली म्हातारी म्हणाली, "मला सहा, आन् आबा म्हनले हुते, आजी, तुलाच सगळ्यांत कमी." आळीत पहिल्यांदाच नऊ आकडे मोकळ्या हवेत ऐकू आले.

येसू बाळाला कडेवर घेऊन पुढे झाली. तिने घराघरांतून एकेक, असे नऊ बत्तासे पदरात गोळा केले आणि सगळ्यांना घेऊन उतार चढली. बत्तासे तिने झोपाळ्यावर आबांच्या मांडीपाशी ठेवले.

"हे परत घ्या, आबा. दहामागं तीन हात देऊ, आन् मोजायचं विणनाराच्या हातानं."

"शपथ मोडलीत!" आबा लाल झाले. "चालते व्हा. दुसरे येतील."

"येऊ द्या की. आळीच्या तोंडाशी आम्ही बसून हावोत. येईल त्याला आकडा मोठ्यानं सांगू. आन् तोवर माग बंद. विणलंच न्हाई, तर भाडं कशातनं घ्याल?"

महिनाभर आळीत धोट्याचा आवाज नव्हता. लोकांनी पातळ आंबील पिऊन दिवस काढले. नवे विणकर आले, आकडे ऐकले आणि त्यांच्याच शेजारी बसले. ताडमाड गड्याला मोजायला काही उरलं नाही, तेव्हा पगाराविना तोही निघून गेला. शेवटी आबा झोपाळ्यावरून उतरून खाली आले आणि तीनला कबूल झाले.

दुसऱ्याच दिवशी सोनबा धुरपाला शोधत निघाला. ती तीन गावं पलीकडे नदीवर लोकांची लुगडी धूत होती. त्याने सगळं सांगितलं, पाया पडला. "चल परत. तुझं घर तुला देतो. आम्ही मधल्या घरात जाऊ."

धुरपाने लुगडं पिळलं, झटकलं, दगडावर पसरलं.

"दादा, माग इकला मी. बापाचा हुता. वाटेत पोटाला काय खानार हुते?" मग तिने विचारलं, "बाळाला दुपटं पुरतंय का अजून?"

सोनबा एकटाच परत आला. भाडं उतरलं होतं, पाळण्यावर ऊन होतं, पुढे काही वर्षांनी ओढ्याकाठचा तुकडाही झाला. पण त्या घरात असेपर्यंत रोज पहाटे तो मागावर बसे तेव्हा त्याचे पाय धुरपाच्याच खड्ड्यात सुटत, आणि ती माती त्याला कधीच घट्ट लागली नाही.

म्हणून लहानांनी ऐकावं आणि थोरांनी ध्यानात ठेवावं: शेजाऱ्याच्या खिडकीवर जळणारा भाडेकरू आपलं भाडं आपल्याच तोंडाने वाढवतो.