टिचकीच्या शिंगाचा पट्टा

हुं म्हणा. म्हणालात? मग ऐका. आणि मधेच कुणी झोपायचं नाही. कारण जे झालं ना, ते भलतंच झालं!

एक होती उंदरी. तिचं नाव टिचकी. एवढीश्शी. माझ्या अंगठ्याएवढी.

टिचकीजवळ होतं एक शिंग. तिच्या डोक्यावरचं नव्हे हो! उंदरीला कुठलं आलंय शिंग? एडक्याच्या शिंगाचं टोक मोडून माळावर पडलं होतं. ते टिचकीनं घरी आणलं. दातांनी पोखरलं, कुरूकुरू. वाळूनं घासलं, खसाखसा. लाकडाचं बूच बसवलं, टप्प. दहा दिवस लागले तिला! मग शिंगात भरला पिवळाधमक भंडारा. भंडारा म्हणजे हळद. देवावर उधळायची हळद.

शिंग गळ्यात घालायला पट्टा हवा ना? टिचकीनं पट्टा केला. कशाचा? गवताचा! हिरव्यागार गवताचा! आता बोला!

आज टेकडीवर देवाची जत्रा होती. ढोल वाजणार होता तीनदा. तिसऱ्या ढोलाला सगळ्यांनी भंडारा उधळायचा. टिचकी यंदा पहिल्यांदाच उधळणार होती. उशीर झाला तर? तर थेट पुढच्या वर्षी.

टिचकी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. वर ऊन. ऊन लागलं. गवत वाळलं. आणि...

तट्ट!

पट्टा तुटला. अगं बाई!

शिंग निसटलं. टिचकीनं झेललं. दोन्ही हातांनी! थोडक्यात वाचलं हो. माळावरची रीतच आहे तशी. भंडाऱ्याचं शिंग भुईवर ठेवायचं नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. गळ्यात घालायचं, नाहीतर आपणच धरून उभं राहायचं.

आता टेकडी चढायची कशी? खडकांना धरायला हात हवेत. हात तर शिंगाला!

आणि तेवढ्यात काय व्हावं? टिचकीचं नाक खाजायला लागलं.

टेकडीवर ढोल वाजला. ढुम! पहिला ढोल. बाप रे!

माळावर धनगरांचा तळ होता. तिथं बसली होती मायाक्का. ती लोकरीचे पट्टे विणायची. टिचकी गेली तिच्याकडे. दोन पायांवर. तुरूतुरू, तुरूतुरू.

"अक्का, अक्का,
शिंगाचा पट्टा तुटला, तट्ट!
शिंग ठेवू कुठं? नाक खाजवू कसं?
पट्टा दे ना!"

मायाक्काचे डोळे कपाळात गेले. "गवताचा पट्टा? हा शहाणपणा कुणाचा गं?"

टिचकीनं शिंग पोटाशी धरलं.

"देते की पट्टा," मायाक्का म्हणाली. "पण लोकर संपली. लोकर आण, मग पट्टा."

लोकर संपली? धनगरांच्या तळावर? ऐकलंत का तुम्ही!

टिचकी गेली मेंढीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"मेंढी, मेंढी,
शिंगाचा पट्टा तुटला, तट्ट!
अक्का म्हणे, लोकर आण.
शिंग ठेवू कुठं? नाक खाजवू कसं?
लोकर दे ना!"

मेंढी म्हणाली, "बें! लोकर देईन. पण सकाळपासून पोटात काही नाही. शेंगा आण, मग लोकर."

अंगावर ढीगभर लोकर! आणि मूठभर देववत नाही. बाई बाई बाई!

टिचकी गेली बाभळीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू. बाभळीवर शेंगा लटकत होत्या. उंच, उंच.

"बाभळी, बाभळी,
शिंगाचा पट्टा तुटला, तट्ट!
अक्का म्हणे, लोकर आण.
मेंढी म्हणे, शेंगा आण.
शिंग ठेवू कुठं? नाक खाजवू कसं?
शेंगा दे ना!"

बाभूळ म्हणाली, "सळसळ! शेंगा देईन. पण माझी मुळं सुकली. पाणी आण, मग शेंगा."

आता झाडही अडून बसलं! काय म्हणावं याला?

टिचकी गेली विहिरीवर. तुरूतुरू, तुरूतुरू. विहिरीवर तायप्पामामा बसला होता. पोहरा त्याच्या हातात. पोहरा म्हणजे पाणी काढायचं भांडं. तायप्पामामानं पोहरा सोडला तरच पाणी.

"मामा, मामा,
शिंगाचा पट्टा तुटला, तट्ट!
अक्का म्हणे, लोकर आण.
मेंढी म्हणे, शेंगा आण.
बाभूळ म्हणे, पाणी आण.
शिंग ठेवू कुठं? नाक खाजवू कसं?
पाणी दे ना!"

तायप्पामामा म्हणाला, "पाणी देतो गं. पण पोटात कावळे ओरडतायत. पोहरा ओढवतोय कुणाला? भाकर आण, मग पाणी."

एवढा मोठा मामा! एवढ्या मोठ्या मिशा! आणि एक पोहरा ओढवत नाही? कमाल झाली!

टेकडीवर ढोल वाजला. ढुम! दुसरा ढोल!

 टिचकी पळाली तळावरच्या हौसाकाकीकडे. तुरूतुरूतुरूतुरू! हौसाकाकी चुलीपाशी बसली होती.

"काकी, काकी,
शिंगाचा पट्टा तुटला, तट्ट!
अक्का म्हणे, लोकर आण.
मेंढी म्हणे, शेंगा आण.
बाभूळ म्हणे, पाणी आण.
मामा म्हणे, भाकर आण.
शिंग ठेवू कुठं? नाक खाजवू कसं?
भाकर दे ना!"

हौसाकाकी म्हणाली, "अगो माझे बाई! पीठ मळलंय. तवा ठेवलाय. पण चूल बघ, गार पडलीय. काटक्या आण, मग भाकर."

काटक्यांचा ढीग तर समोरच होता. अगदी समोर! मग घ्यायच्या ना?

पण ढिगावर कोण बसलं होतं?

भुंग्या!

भुंग्या म्हणजे तळावरचा कुत्रा. काळा. दांडगा. डोळे लाल.

"गुर्रर्र!"

अयाई गं! पळ टिचकी, पळ!

टिचकी पळाली का? नाही पळाली.  मिशा थरथर हलत होत्या. शिंग घट्ट धरून ती उभी राहिली. आणि म्हणाली,

"भुंग्या, भुंग्या,
शिंगाचा पट्टा तुटला, तट्ट!
अक्का म्हणे, लोकर आण.
मेंढी म्हणे, शेंगा आण.
बाभूळ म्हणे, पाणी आण.
मामा म्हणे, भाकर आण.
काकी म्हणे, काटक्या आण.
शिंग ठेवू कुठं? नाक खाजवू कसं?
काटक्या दे ना!"

भुंग्या गुरगुरायचा थांबला. त्यानं पंजा पुढे केला. पंज्यात रुतला होता काटा. बाभळीचा काटा. टिचकीच्या शेपटीएवढा लांब!

"कुईं," भुंग्या म्हणाला. "आधी हा काटा काढ. मग काटक्या."

ऐकलंत? उंदरीनं काढायचा कुत्र्याच्या पायातला काटा! असं कधी कुणी केलंय का?

टिचकीचे हात शिंगाला. मग कशानं काढणार? दातांनी! तिनं काटा दातांत धरला. डोळे मिटले. एक... दोन...

कच्च!

निघाला काटा! आणि आलं रक्त. टप. टप. टप.

"कुईं! कुईं! कुईं!" एवढा मोठा भुंग्या ढसाढसा रडायला लागला हो.

रक्त आलं की काय लावतात? हळद. तुमच्या आईनं लावलीय ना गुडघ्याला? टिचकीलाही ठाऊक होतं. आणि हळद कुठं होती? तिच्या शिंगात.

टिचकीनं टेकडीकडे पाहिलं. भुंग्याकडे पाहिलं. शिंगाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

मग तिनं बूच काढलं. टप्प.

चुलीपाशी हौसाकाकी ओरडली, "अगं अगं अगं! भंडारा आहे तो! देवाचा आहे!"

टिचकीनं शिंग उलटं केलं. सगळा भंडारा भुंग्याच्या पंज्यावर. सगळा! रिकामं शिंग काखेत दाबलं आणि दोन्ही हातांनी हळद धरली दाबून. घट्ट. नाक खाजतंय, हेसुद्धा ती विसरून गेली.

रक्त थांबलं.

हौसाकाकीनं तोंडात बोट घातलं.  

भुंग्यानं टिचकीला चाटलं. लप्प! टिचकी पाठीवर ओलीचिंब. शिंग काखेतून सटकायला लागलं. टिचकीनं त्याला बूच लावलं आणि पुन्हा ते दोन्ही हातांत घेतलं. रिकामं असलं म्हणून काय झालं? रीत ती रीत.

"टिचके," भुंग्या म्हणाला, "बस माझ्या पाठीवर."

मग काय विचारता!

भुंग्यानं काटक्या ओढल्या, खर्र खर्र.
काकीनं चूल फुंकली, फूं फूं.
भाकर थापली, थप थप.
भुंग्यानं भाकर तोंडात धरली. आणि खाल्ली नाही! कुत्र्यानं भाकर खाल्ली नाही हो!
मामानं भाकर खाल्ली, मटामट.
पोहरा सोडला, धबाक.
बाभूळ पाणी प्यायली, गटागट.
शेंगा टाकल्या, टपटप टपटप.
मेंढीनं शेंगा खाल्ल्या, कडमकडम.
कुंपणाला अंग घासलं, खसाखसा. लोकर निघाली, ही एवढी!
अक्कानं लोकर कातली, भिर्र भिर्र.
पट्टा विणला, सर सर सर.

काळा पट्टा. मऊ पट्टा. पक्का पट्टा.

शिंग टिचकीच्याच हातात होतं. मायाक्कानं पट्ट्याचं एक टोक बांधलं निमुळत्या बाजूला. एक टोक बांधलं रुंद बाजूला. वर दोन गाठी मारल्या. ओढून पाहिलं. तुटला का? नाही तुटला. पुन्हा जोरात ओढलं. छे! मग पट्टा टिचकीच्या गळ्यात घातला.

"आता जा," मायाक्का म्हणाली.

"शिंग रिकामं आहे, अक्का," टिचकी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "जाऊन काय करू?"

"एवढा पट्टा विणला तो काय घरी बसायला? जा म्हणते ना!"

भुंग्यानं तिला टेकडीपाशी सोडलं. पुढे खडकांच्या फटीतून वाट होती, उंदरापुरती. टिचकी चढली. चार पायांवर! तुरूतुरू, तुरूतुरू. शिंग डुलत होतं, डुगू डुगू. पट्टा काही तुटला नाही.

वर पोचली. सगळे जमले होते. घूस होती, खार होती, ससा होता, सरडा होता. म्हातारा ढोलवाला बिरूबा ढोलापाशी उभा होता.

ढुम!

तिसरा ढोल!

सगळ्यांनी भंडारा उधळला. भुस्स! भुस्स! भुस्स! सगळीकडे पिवळं पिवळं.

"टिचकी, उधळ की!" सगळे ओरडले.

टिचकीनं बूच काढलं. शिंग उलटं केलं.

काही नाही.

"अगं! रिकामं?" घूस म्हणाली.

"रिकामं शिंग घेऊन जत्रेला?" खार म्हणाली.

"काय गं हे!" ससा म्हणाला. त्याचे कान उभेच राहिले.

टिचकीनं मान खाली घातली. असं रडू आलं तिला, असं रडू आलं! आणि नेमकं तेव्हाच नाक खाजलं. सकाळपासून खाजत होतं ना!

पण आता हात मोकळे होते की! टिचकीनं नाक खाजवलं. खस खस खस. अहाहा!

आणि नाक झालं पिवळं!

"आँ?" बिरूबा म्हणाला.

टिचकीनं हात पाहिले. पिवळे! बोटांत हळद. केसांत हळद. भुंग्याच्या पंज्यावर दाबून धरली होती ना, तीच!

टिचकीनं दोन्ही हात वर केले. आणि वाजवली टाळी!

भुस्स!

एवढासा पिवळा धूर उठला. चिमूटभर. थेट देवाच्या पायांवर जाऊन बसला.

 कुणाचं तोंड मिटेना.

"भंडारा कुठं गेला गं तुझा?" बिरूबानं विचारलं.

"भुंग्याच्या पायाला लावला," टिचकी म्हणाली. "रक्त येत होतं."

बिरूबानं टेकडीखाली पाहिलं. खाली भुंग्या बसला होता. एक पंजा पिवळाधमक.

बिरूबानं काठी उचलली. आणि काय केलं माहितीय? चौथा ढोल वाजवला. चौथा! आजवर कधी वाजला नव्हता तो. एकट्या टिचकीसाठी!

ढुम!

तुम्हाला कधी पिवळ्या नाकाची उंदरी दिसली, तर ती आमची टिचकी. तिच्या गळ्यात शिंग असतं. पट्टा अजून शाबूत आहे. आणि हात मोकळे असतात तिचे, नाक खाजवायला.

झालं बाई माझं सांगून. आता तुमचं नाक खाजवा, आणि झोपा.