बीजेचा भाऊ

“मग चूक कुठे आहे, तेवढं तरी सांगा.”

विश्वंभरशास्त्री सकाळपासून तेच विचारत होते. आता दुपार कलली होती.

धुंडिनाथ बाबा ओसरीत भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मांडणी पुन्हा सांग.”

“वैशाख शुद्ध दशमी. गोरज मुहूर्त. चंद्र उत्तरा नक्षत्रात, निर्दोष. गुरू बलवान. मी स्वतः काढलेला मुहूर्त, बाबा. एकुलत्या एका बहिणीचं लग्न होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.”

“चंद्र उत्तरा नक्षत्रात. आणि तू कुठे होतास?”

“मी? मी मंगलाष्टकं म्हणत होतो.”

“आणि ती?”

“ती रडत होती. घर सुटणार म्हणून.”

“हं,” बाबा म्हणाले आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळले.

शास्त्रीबुवांना राग आला. तो त्यांना चटकन यायचा. गोदाकाठच्या गावागावांत त्यांच्या पंचांगाशिवाय पान हलत नव्हतं. लग्नं, मुंजी, वास्तू, विहिरीचा पहिला घाव, सगळं त्यांना विचारून. असा माणूस एका मोडक्या मठीत सकाळपासून मांडी घालून बसला होता आणि समोरचा म्हातारा गुडघे चोळत होता.

पण उठून जाता येत नव्हतं. पोरवयात याच ओसरीत ते चार अक्षरं शिकले होते. पुढे ज्योतिष शिकायला गेले, मोठे झाले आणि इकडची वाट विसरले. कैक वर्षांनी आज पुन्हा आले होते, तेही ऐन दिवाळीत.

बाबांकडे पंचांग नव्हतं. कधीच नव्हतं. भगर आली की एकादशी, पुरणपोळी आली की सण, दिवसभर कुणी फिरकलं नाही आणि चंद्र वर आल्यावर मोदक आले की संकष्टी, हे त्यांचं कालगणित. शास्त्रीबुवांना पूर्वी याची गंमत वाटायची. आता वाटत नव्हती.

फाटकाशी कुणी तरी खाकरलं.

पारबती होती, खालच्या वस्तीतली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली. हातात करंज्यांचा डबा.

“बाबा, आज बीज हाय का उद्या? गल्लीत कुणी कायबी म्हनतंय.”

बाबांनी शास्त्रीबुवांकडे बोट दाखवलं. “यांना विचार. यांचा धंदाच तो आहे.”

“आज,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“पर काल अवस हुती की. मंग आज पाडवा पायजे. बीज कशी काय आली?”

शास्त्रीबुवा सरसावून बसले. असा प्रश्न आला की त्यांचा घसा आपोआप मोकळा व्हायचा.

“असं बघा. चंद्र सूर्याला सोडून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. पण त्याची चाल सारखी नसते. कधी जलद, कधी मंद. जी तिथी सूर्योदय गाठते तिला दिवस मिळतो. यंदा चंद्राची चाल जलद आहे. पाडवा काल उजाडल्यावर लागला आणि आज उजाडायच्या आत संपला. त्याला सूर्योदयच मिळाला नाही. प्रतिपदेचा क्षय झाला.”

पारबतीने डोळे बारीक करून सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी पाडवा येऊन गेला आन् कुनाला दिसलाच न्हाई.”

“गणिताला दिसतो.”

“बरं,” ती म्हणाली. “मंग आज.”

“आज. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला कोर दिसेल. फार वेळ टिकणार नाही.”

“मला तरी कुठं फार येळ लागतोय,” असं म्हणून तिने डबा बाबांपुढे ठेवला. “आमच्याकडून झाडीत दिसत न्हाई. दर साली हितंच येते. सांजच्याला येते, बाबा.”

ती गेली. बाबांनी डबा उघडला, एक करंजी शास्त्रीबुवांपुढे केली. त्यांनी घेतली नाही.

“ही कशाला येणार?”

“ओवाळायला.”

“कुणाला?”

“चंद्राला. जिला भाऊ नाही ती बीजेला चंद्राला ओवाळते. एवढं पंचांग लिहितोस, हे नाही लिहीत?”

“ती रूढी आहे. ती गणितात येत नाही.”

“खरं आहे,” बाबा म्हणाले आणि करंजी खाऊ लागले.

मठी टेकाडावर होती. खाली ज्वारीची शेतं, मग नदी, आणि नदीपलीकडे नुसतं आभाळ. दिवाळीचे फटाके लांब कुठल्या तरी गावात वाजत होते. इथे त्यांचा आवाज तेवढा यायचा.

“इतकी वर्षं आला नाहीस,” बाबा म्हणाले. “यंदाच का आलास?”

“सांगितलं ना. चूक शोधायला.”

“ती तू घरी बसूनही शोधत होतास.”

शास्त्रीबुवा उठले. अंगणात आले. पश्चिमेच्या कडेला कमरेएवढी भिंत होती, तिच्यापाशी जाऊन उभे राहिले, बाबांकडे पाठ करून. काही गोष्टी समोरासमोर सांगता येत नाहीत. त्या त्यांनी आजवर कुणालाच सांगितल्या नव्हत्या.

“लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला,” ते म्हणाले. “शेतात विहिरीचं काम चाललं होतं. दरड ढासळली. मी निरोप मिळताच गेलो. अंगणात माणसं बसली होती. मी आत शिरताना कुणी तरी हळूच म्हणालं, मुहूर्त भावानेच काढला होता.”

“आणि ती काय म्हणाली?”

“द्वारका? काही नाही... माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तांब्या पुढे केला. काही तरी बोलली असती तर बरं झालं असतं, बाबा. शिव्या दिल्या असत्या, तांब्या फेकून मारला असता. तिने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी तिथून निघालो.”

“मग?”

“मग गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो? मनाशी ठरवलं, आधी चूक शोधायची. नेमकी कुठे हुकली ती. मग तिच्यापुढे जाऊन सांगायचं, इथे चुकलो, मला क्षमा कर. दर दिवाळीला तिचा निरोप यायचा. बीजेला ये, एवढाच. दर दिवाळीला मी दार लावून मांडणी करत बसायचो. सगळं तपासलं. ग्रह तपासले, घटका तपासल्या, पळं तपासली. चूक नाही, बाबा! कुठेच नाही!”

त्यांचा आवाज फुटला. आपल्याच ज्ञानाने माणूस एवढा एकटा पडलेला बघवत नाही.

“आणि यंदा?” बाबांनी विचारलं. “यंदा निरोप काय आला?”

“आला नाही.”

सूर्य नदीपलीकडे टेकला होता. शास्त्रीबुवा तसेच पाठमोरे उभे होते.

“दसऱ्यापासून वाट बघतोय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. आजारी नाही, घरातच आहे, नीट आहे. फक्त निरोप नाही. म्हणजे तिने मला टाकलं... टाकेलच. बरोबर आहे. पण टाकायच्या आधी चूक तरी कळू दे तिला. म्हणून आलो. तुम्ही शोधून द्या. आजच्या आज द्या.”

फाटक वाजलं. पारबती ताट घेऊन आली होती. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकवाची कुयरी. वारा होता, म्हणून पदराचा आडोसा धरून ती बेताबेताने चालत अंगणाच्या मधोमध आली.

सूर्य बुडाला. आभाळ नारिंगी होतं, मग राखाडी झालं.

“आली बघा कोर,” बाबा ओसरीतून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. कोर काय, त्यांना भिंतही धड दिसत नव्हती. पण दर वर्षी या वेळेला ते एवढं म्हणायचे.

पारबतीने ताट वर उचललं आणि थांबली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली.

“म्हाराज,” ती म्हणाली, “जरा बाजूला सरा. माझा भाऊ दिसंना.”

शास्त्रीबुवा दचकले. मागे वळून बघितलं. त्यांच्या खांद्यामागे नखाएवढी कोर होती आणि समोर ताट घेतलेली बाई.

ते बाजूला झाले. घाईने, ठेच लागेल इतक्या घाईने.

पारबतीने चंद्राला ओवाळलं. आभाळाच्या दिशेने अक्षता टाकल्या. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. मग ताट भिंतीवर ठेवून तिने हात जोडले. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

“तुम्हाला भाऊ नाही?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“हाय की. नदीपल्याड असतो. चांगलं हाय समदं, पोरंबाळं हाईत.”

“मग?”

“येत न्हाई.”

“का?”

“ते त्यालाच ठावं. मला तर कायबी बोलला न्हाई. एक दिस आला, जेवला, गेला, तो गेलाच.” तिने निरांजनाची वात सारखी केली. “लई इचार केला म्या. माझंच कायतरी चुकलं आसंल. जेवायला वाढताना चुकलं का, वहिनीला काय बोलले का... रातरात हुडकत बसायची. सापडत न्हाई बघा.”

“काय सापडत नाही?”

“माझी चूक.”

वाऱ्याने निरांजन विझलं. तिने ते पुन्हा लावायचा प्रयत्न केला नाही.

“निरोप तरी धाडत असाल,” शास्त्रीबुवा म्हणाले. विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं.

“धाडायची पयले. आता सोडलं. निरोप गेला की वाट बगावी लागती, म्हाराज. दारात बसून मान दुखती. आन् दिवा लागला की मंग कळतं, आजबी न्हाई.” ती हसली. “चंद्राचं बरं हाय. बलवावं लागत न्हाई.”

“राग येतो का त्याचा?”

“भावाचा?” पारबतीने असं विचारलं की शास्त्रीबुवांनाच आपला प्रश्न परका वाटला. “त्यो खुशाल ऱ्हावा. मी त्येच मागते ह्येला.” तिने कोरीकडे हात केला. “येते, बाबा. डबा उद्या न्हीन.”

ती टेकाड उतरून गेली. ज्वारीच्या रानात तिचं लुगडं दिसत होतं तोवर शास्त्रीबुवा बघत राहिले. मग ते ओसरीपाशी आले आणि पायरीवर बसले. बाबांच्या पायांशी. खूप वर्षांपूर्वी बसायचे तिथेच, पण तेव्हा ते रडत नव्हते.

“बाबा...”

“हं.”

“तीही शोधत असेल. द्वारकी. त्या दिवशी मी न सांगता निघालो. तिला वाटलं असेल, आपलंच काही...”

बाबांनी तेलाचं भांडं बाजूला सारलं आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तेलकट हात.

“एक तांब्या पाणी तर दिलं होतं तिने,” शास्त्रीबुवा म्हणाले. “त्यात काय चुकलं म्हणून शोधत असेल ती? इतकी वर्षं?”

कोर नदीच्या रेषेला लागली होती.

शास्त्रीबुवांनी उपरण्याने तोंड पुसलं. उठले. खुंटीवरची पिशवी घेतली. पुन्हा थांबले. आयुष्यभराची सवय अशी एका संध्याकाळी जात नाही.

“आता निघालो तरी उद्या दुपारी पोहोचेन.”

“पोहोच.”

“उद्या तृतीया, बाबा. सूर्योदयालाच तृतीया आहे. बीज संपलेली असेल.”

“कुणाची?”

शास्त्रीबुवा फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

“आणि जाऊन सांगू काय तिला? चूक तर अजून सापडलेली नाही.”

बाबांनी डब्यातल्या दोन करंज्या फडक्यात बांधल्या, पिशवीत टाकल्या.

“काही सांगू नकोस. पाटावर जाऊन बस,” ते म्हणाले. “चंद्राला तेवढंच जमत नाही.”