माऊलीचा दुसरा डोळा

"...आणि याही खेपेला नाही जमला तर, मास्तर?"

नेस्टर तुस्कानोनं हे सकाळपासून दहाव्यांदा विचारलं.

इनास मास्तर खाटेवर बसून तंबाखू मळत होते. "तर माऊली एका डोळ्यानं बघेल. आपले धंदे बघायला एक पुष्कळ झाला."

नेस्टर म्हणजे कोणी साधा माणूस नव्हे. मुंबईला चित्रकलेचं कॉलेज केलेला, पदकवाला. तिथं तेलरंग शिकला, नि मग वसईला येऊन तीन वर्षं मास्तरांच्या हाताखाली अंड्याचा रंग शिकला. अंड्याचा रंग म्हणजे बलकात कालवलेली रंगीत माती. ब्रश टेकला की वाळला. तेलरंगासारखं पुसत, सारवत बसता येत नाही. पडली ती रेघ पडली.

मास्तरांनी असल्या रंगात पन्नास वर्षं काढली. तेवीस देवळांच्या, म्हणजे चर्चच्या, वेदी रंगवल्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. म्हणून यंदाच्या सणाला मिरवायचा माऊलीचा पाट, म्हणजे फळीवरचं चित्र, नेस्टरकडे आला. त्याचा पहिलाच.

पाट झाला होता, एक डोळा सोडून.

उजवा डोळा असा काही उतरला होता की बघायला गाव लोटलं. तिथंच घोडं अडलं. डावाही त्याच तोलाचा हवा म्हणून नेस्टरनं तीनदा काढला, तीनदा खरवडला. खालचा खडूचा थर आता कागदाएवढा उरला होता. चौथ्यांदा पातं लावलं असतं तर लाकूडच उघडं पडतं.

"ए नेस्टर!" रेजिना मावशी दारातून ओरडली. देवळातली फुलं बघणारी बाई, आवाज घंटेसारखा. "टेंपोला केळीचे खुंट बांधून झाले! बँडवाले गाल फुगवून बसलेत! नसेल होत तर सांग, जुना पाट नेतो. रंग उडालाय त्याचा, पण डोळे दोन आहेत!"

"पाच मिनिटं, मावशी!"

"सकाळपासनं तुझी पाचच चाललीत!"

ती गेली. बाहेर कुणीतरी ढोलावर टिपरी मारून बघितली.

"मास्तर, या वेळी नीट मापं घेतलीत. पहिल्याएवढाच, पहिल्यासारखाच, पहिल्याच्या बरोब्बर..."

"काल तिसऱ्यांदा काढलेला डोळा बघून मावशी काय म्हणाली?"

नेस्टर ब्रश पुसू लागला.

"काय म्हणाली?"

"...माऊली चकणी दिसते म्हणाली."

"दिसणारच. तो डोळा आपल्याकडं बघतच नव्हता. शेजाऱ्याकडं बघत होता. हा बरा की मी बरा, म्हणून."

मास्तर उठले. "अंडं दे."

"एकच उरलंय. बाकीची सगळी मावशीनं सणाच्या फुग्या तळायला नेली."

"एकच दे."

मास्तरांनी अंडं फोडलं. बलक या तळहातावरून त्या तळहातावर, त्या तळहातावरून या तळहातावर घेत त्याचा पांढरा चिकटा काढून टाकला. हात थरथरत होते, पण बलकाला ओरखडा नाही.

"डावा हात."

नेस्टरनं पुढं केला. मास्तरांनी बलक त्याच्या तळव्यावर सोडला. गार, गोल, पिवळाजर्द.

"आता काढ डोळा."

"हा... हा धरून?"

"धरून."

"अहो, फुटला तर? करवंटीत सकाळचा रंग थेंबभर उरलाय! तो संपला तर यातच कालवायचाय, दुसरं अंडं नाही घरात!"

"मग फुटू देऊ नको."

नेस्टरनं उजव्या हातात ब्रश घेतला, करवंटीतल्या थेंबात बुडवला. छाती धडधडली की तळव्यावरचा बलकही धडधडे. श्वास जोरात घेतला तर तो बोटांकडं सरके. नेस्टरनं श्वासच बारीक केला.

एक रेघ.

बलक हलला... थांबला.

दुसरी. तिसरी. मापं कुठं गेली, पदक कुठं गेलं, शेजारचा डोळा कुठं होता, काही बघायला सवड नव्हती. चौथी रेघ. मग एक ठिपका.

नेस्टर मागं सरला.

"मास्तर!"

"काय रे?"

"मास्तर, बघितलं! बघितलं तिनं! माझ्याकडं बघितलं!"

आणि पोरासारखी उडी मारली त्यानं. दोन्ही मुठी आवळून.

फच्च!

आरडाओरडा ऐकून रेजिना मावशी आत धावली. तोंडात शिवी तयार होती. पाटाकडं नजर गेली नि ती जागच्या जागी थबकली. मग तिनं हळूच डोक्यावर पदर घेतला.

"काय गं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना तर समोर नुसतं धुकं दिसत होतं.

"गप्प बसा. ती बघतेय."

मग काय विचारता! बँड सुरू झाला, चार बाप्ये आत शिरले, कडा धरून पाट उचलला. नेस्टर त्यांना आडवा झाला. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"थांबा, थांबा! मास्तर, सही राहिली! कोपऱ्यात, अगदी बारीक करतो. कुठं करू, सांगा ना!"

मास्तरांनी चाचपडत त्याचा डावा हात धरला. बोटं चिकट झाली, तशी ती धोतराला पुसली.

"सही तुझ्या कोपरावरनं गळतेय. जा, हात धू."