चितळाच्या डोक्यावरचा तुरा

वैशाखातला मंगळवार होता. सकाळचे नऊ वाजले होते. जंगलाच्या मधोमध, जुन्या अर्जुनाच्या झाडाखाली सिंहाचा दरबार भरला होता. कामकाजात एकच विषय होता : मोरपिसांचा तुरा कुणाला द्यायचा.

त्याच जंगलात, आटत आलेल्या तळ्याच्या काठी, एक टिटवी राहत असे. तिची चार पिल्ले चारच दिवसांपूर्वी अंड्यातून बाहेर आली होती. टिटवीची पिल्ले जन्मल्याबरोबर चालू लागतात, पण उडायला त्यांना महिना तरी लागतो. म्हणून त्या सकाळी बाकीची पाखरे फांद्यांवर बसली असताना टिटवी मात्र पिल्लांना पंखाखाली घेऊन खाली, जमिनीवर उभी होती. तुरा कुणाला मिळतो, याची तिला सगळ्यांपेक्षा जास्त काळजी होती. का, ते सांगतो.

फार वर्षांपूर्वी या जंगलात मोठा वणवा लागला होता. तेव्हा एका हत्तिणीने धुरातून वाट काढत सगळ्यांना नदीच्या डोहावर नेले आणि मागे राहिलेल्यांसाठी ती तीनदा आगीत परत गेली. जंगलाने आपला सर्वांत मोठा मान म्हणून तिच्या मस्तकावर मोरपिसांचा तुरा बांधला. तेव्हापासून तिथे रीतच पडली. प्रत्येक आई आपल्या पिल्लाला सगळ्यांत आधी एवढेच शिकवी : "धूर दिसला की तुरा शोधायचा आणि त्याच्या मागे चालायचं." पुढच्या दोन वणव्यांत सगळे तसेच चालले आणि वाचले. ती हत्तीण गेल्या हिवाळ्यात वारली. तुरा अर्जुनाच्या फांदीवर तसाच टांगलेला होता, आणि उन्हाळा आला होता.

कोल्हा सिंहाचा प्रधान होता. तो घसा साफ करून म्हणाला, "महाराज, पाच जंगलांच्या सायकल शर्यतीत आपला चितळ पहिला आला. आजवर आपल्या जंगलाचं नाव कुणी घेत नव्हतं. आज पाचही जंगलांत तेच नाव आहे. तुरा चितळरावांनाच शोभेल."

जंगलात सायकली कुठून आल्या, असे विचारू नका मुलांनो. कोल्हा प्रधान झालेला तुम्हाला चालतो, मग चितळाने सायकल चालवली तर काय बिघडले? चालवायचाही तो सुरेख. मान खाली, शिंगे मागे, आणि पायडल असे फिरायचे की पाय दिसू नयेत. शर्यतीच्या दिवशी टिटवीही त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडली होती.

ती आता पुढे आली. "चितळ जिंकला तेव्हा मोहाच्या फुलांचा ढीग दिलात. घाटातल्या शिळेवर त्याचं नाव कोरलंत. चांगलं केलंत. आणखी दोन ढीग द्या, कुणाची हरकत आहे? पण प्रधानजी, तुरा म्हणजे बक्षीस आहे का?"

"टिटवीबाई," कोल्हा हसून म्हणाला, "तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही का हो?"

माकडे खिदळली. सिंहाने विचारले, "मग तुझ्या मते कुणाला द्यावा?"

"तरसकाकांना."

आता सगळा दरबारच हसला. म्हातारा तरस सगळ्यांपासून लांब, एकटा बसला होता. त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. दिसायला तो ओबडधोबड, अंगाला वास, आणि मागचा डावा पाय भाजून आखडलेला. तो पाय कसा भाजला हे मात्र हसणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक होते. शेवटच्या दोन वणव्यांत हत्तीण सगळ्यांच्या पुढे होती, तेव्हा हा सगळ्यांच्या मागे होता. जो दमून बसेल त्याला नाकाने ढकलायचा, जो पडेल त्याला तोंडात धरून आणायचा. हसणाऱ्या माकडांपैकी एकाची आई त्याच्याच जबड्यातून डोहापर्यंत पोचली होती.

"तुरा घातलेला तरस?" कोल्हा म्हणाला. "आणि पाच जंगलांचे पाहुणे आले की यालाच पुढे करायचं? पाहुणे वास घेऊनच परत जातील."

"मला नको बाबा तुरा," तरस लांबूनच म्हणाला. "कान खाजतील. पण ज्याला द्याल त्याला आधी डोहाची वाट दाखवून ठेवा. मी येतो दाखवायला. एका सकाळचं काम आहे."

"ते नंतर बघू," कोल्हा म्हणाला.

टिटवी सिंहाकडे वळली. "महाराज, माझा एकच प्रश्न आहे. चितळाला डोहाची वाट ठाऊक आहे का?"

या दरबाराची एक पद्धत होती. कुणी प्रश्न विचारला की सुतार पक्षी अर्जुनाच्या खोडात चोचीने एक भोक पाडी. उत्तर मिळाले की त्यात डिंक भरून ते बुजवी. सुताराने टकटक करून टिटवीच्या प्रश्नाचे भोक पाडले आणि डिंकाची गोळी चोचीत धरून तो उत्तराची वाट पाहत राहिला.

सिंहाने जांभई दिली. "मंजूर," तो म्हणाला, आणि सागाच्या पानावर चिखलाचा पंजा उमटवला.

चितळाच्या शिंगांमध्ये तुरा बांधला गेला. सायकलची घंटी वाजवण्यात आली. सगळे म्हणाले, बोला, दोन शब्द बोला. चितळ लाजला. "मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "मी नुसतं समोर बघतो. गुरुजींनी शिकवलंय, मान मागे वळली की चाक डगमगतं. म्हणून मी कधीच मागे बघत नाही." या वाक्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

दरबार उठला तेव्हा रानगवा तिच्याजवळून चालला होता. त्यानेही त्याच शर्यतीत सायकल चालवली होती. तो हळूच म्हणाला, "बरं झालं विचारलंस. घाट चढताना सगळा वेळ वारा माझ्या छातीवर होता आणि चितळ माझ्या पाठीआड. शेवटच्या शंभर पावलांवर तो बाहेर आला नि सुटला. शर्यत तशीच जिंकतात, त्यात त्याची लबाडी नाही. पण सगळ्यांना घेऊन पुढे चालायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही."

"मग हे दरबारात का नाही बोललात, दादा?"

गवा रवंथ करू लागला.

नवव्या दिवशी, भर दुपारी, पश्चिमेकडून धूर आला. बघता बघता बांबूची बने तडतडू लागली. आणि शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी माना वर करून तुरा शोधला.

तुरा दिसला. चितळ घाटाच्या पायथ्याशी सायकलवर सराव करत होता. आग पाहून तोही घाबरला, आणि घाबरलेला प्राणी ओळखीची वाट धरतो. त्याला एकच वाट ओळखीची होती, ती म्हणजे शर्यतीची. तो घाट चढू लागला. सशांची बिळे रिकामी झाली, भेकरे निघाली, रानडुकरीण आपली सात पिल्ले घेऊन निघाली. तुरा पुढे आणि जंगल मागे.

वणवा उतारावर रेंगाळतो आणि चढावर धावतो. त्या घाटात तर दोन्ही बाजूंना कमरेएवढे वाळके गवत होते. चितळाने मान खाली घातली, पायडल मारले आणि एकदाही मागे न बघता पहिले वळण घेतले. दुसरे घेतले. तुरा ठिपक्याएवढा झाला आणि मग दिसेनासा झाला.

पायथ्याला, जिथून एक कोरडा नाला खाली डोहाकडे उतरतो, तिथे म्हातारा तरस उभा राहून ओरडत होता, "इकडे या. नाल्यातून खाली. डोह हाकेच्या अंतरावर आहे."

एक सशीण तीन पिल्ले घेऊन त्याच्यासमोर क्षणभर थबकली. "तुमच्या डोक्यावर तुरा कुठे आहे?"

"तुरा नाही गं. वाट आहे."

"आईनं सांगितलंय, तुऱ्यामागे चाल," सशीण म्हणाली आणि घाटाकडे पळाली. तिचे तरी काय चुकले? तिने आईचे ऐकले. आईने जंगलाचे ऐकले होते.

टिटवीने आपली चारही पिल्ले नाल्यात लोटली. "काकांच्या मागे चाला. ते लंगडतात, तुम्हाला जमेल," ती म्हणाली आणि स्वतः घाटावर झेपावली. धुरात शिरून, गोल गोल फिरून ती ओरडत राहिली, "मागे फिरा. तुरा निघून गेला. मागे फिरा." काहींनी ऐकले. रानडुकरीण फिरली, दोन भेकरे फिरली. पुष्कळजण मात्र वर, त्या रिकाम्या वळणाकडेच बघत चढत राहिले. टिटवी नेहमीच ओरडते, असे त्यांना वाटले.

तरस पिल्लांना डोहावर पोचवून पुन्हा वर गेला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याचा उजवा पायही भाजला होता आणि तोंडात सशाचे एक पिल्लू होते. सशीण आणि तिची उरलेली दोन पिल्ले त्याला सापडली नाहीत.

संध्याकाळी डोहावर मोजदाद झाली. एकोणीस जण कमी होते.

तीन दिवसांनी अर्जुनाखाली पुन्हा दरबार भरला. चितळ पायी आला. त्याने तुरा काढून जमिनीवर ठेवला. "मी खिंडीत पोचल्यावर मागे बघितलं," तो म्हणाला. "शर्यत संपली की बघायचं असतं, म्हणून. मागे कुणी नव्हतं. मला डोहाची वाट ठाऊक नव्हती. ठाऊक आहे असं मी कधी म्हणालोही नव्हतो. मला कुणी विचारलंच नाही."

टिटवी त्याच्याजवळ गेली. "तुला विचारायचं नव्हतंच, बाळा," ती म्हणाली. "तू सायकल चालवलीस आणि चांगली चालवलीस. ज्यांनी तुझ्या डोक्यावर हा बांधला, त्यांना मी विचारलं होतं."

कोल्ह्याने घसा साफ केला. "वारा उलटा फिरला. वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं? झालं ते वाईटच झालं. माझी सूचना अशी आहे की, गेलेल्यांच्या स्मरणार्थ यंदाची शर्यत एकाऐवजी दोन घाटांची करावी."

"आणि तुरा?" टिटवीने विचारले.

"जिंकेल त्याला."

"तरसकाका दोन पाय भाजून डोहाकाठी पडलेत. कुणी बघून आलात का?"

"टिटवीबाई, विषयाला सोडून बोलू नका," कोल्हा म्हणाला.

सिंहाने जांभई दिली आणि पानावर पंजा उमटवला.

टिटवी पिल्लांना घेऊन डोहाकाठी राहायला गेली. सशाचे ते एक पिल्लूही आता तिच्याच मागे फिरते. रोज सकाळी म्हातारा तरस खुरडत खुरडत नाल्याच्या तोंडापर्यंत जातो आणि येईल त्याला वाट दाखवतो. येणारे थोडेच असतात, कारण त्याच्या डोक्यावर काही नाही.

अर्जुनाच्या खोडावर दरबारात विचारलेल्या शेकडो प्रश्नांची भोके आहेत आणि ती सगळी डिंकाने बुजलेली आहेत. वैशाखातल्या त्या मंगळवारी, सकाळी नऊनंतर पाडलेले एक भोक मात्र अजून उघडे आहे. सुतार पक्षी रोज त्याच्यापाशी जाऊन बसतो. त्याच्या चोचीतला डिंक वाळून खडा झाला आहे.

तात्पर्य : जो सगळ्यांच्या पुढे धावतो त्याला हवे तेवढे बक्षीस द्यावे, पण ज्या मानामागे दुसऱ्यांची पिल्ले चालणार आहेत, तो मान मागे वळून पाहणाऱ्यालाच द्यावा, आणि चुकीच्या डोक्यावर बांधला गेला तर बांधणाऱ्याला जाब विचारावा.