बूच कुठे गेलं?

त्या राज्यात कुणाच्या आत डोकावण्याची रीत नव्हती. राज्य काडतुसांचे होते. रंगावरून प्रत्येकाला फुलाचे नाव मिळे. तोंड घट्ट मिटलेले आणि पितळी कडे चकचकीत असले, की तो चांगला नागरिक ठरे. एकनळी बंदूक त्यांची राणी होती. रानडुकरे पिकात शिरली की ती कमरेत वाकून एकाला पोटात घेई आणि बार उडे.

एका सकाळी तेरड्याचा बार फुसका निघाला. दणका नाही, नुसता खोकल्यासारखा आवाज. छर्रे अंगणातच सांडले आणि डुकरे निवांत चरत राहिली. तेरड्याचे रिकामे कवच बाहेर पडले, तेव्हा प्रधान झेंडू एवढेच म्हणाला, "भित्रा निघाला. पुढचा कोण?"

पुढे निघाला पळस, सगळ्यांत जोरकस.

तेरड्याची शेजारीण सोनकी मात्र कवचाजवळ गेली. तिला राग आला नव्हता, नवल वाटत होते.

"तेरडेदादा, आत नेमकं झालं काय?"

"बुडाच्या टोपीनं ठिणगी टाकली गं. पण दारू नीट पेटेना, गोळे झाले होते तिचे. आपली फळी पाझरत्या भिंतीला लागून आहे ना? ओल चढतेय, असं मी म्हणालो होतो. झेंडूनं मलाच लेचापेचा ठरवलं."

"आणि छर्‍यांमागचं बूच?"

तेरडा गोंधळला. "छर्रे पडताना ऐकले. बुचाचं काही कळलं नाही."

सोनकीने अंगण धुंडाळले. छर्रे होते, बूच नव्हते. मग ते कुठे असणार, हे तिच्या ध्यानात आले, आणि तिकडे पळस राणीच्या पोटात शिरायला निघालाही होता.

"पळसा, थांब! नळीत बूच अडकलंय!"

"म्हणजे माझा जोर कमी पडेल?"

"नाही पडणार, त्याचीच भीती वाटते. तू पुरता पेटलास तर राणी फुटेल."

"शेत चाललंय आणि तुमच्या चौकशा कसल्या?" झेंडू गरजला.

पळस उंबरठ्यावर थबकला. त्याने नळीत पाहिले. पलीकडचा उजेड दिसेना. नळी साफ करायचा गज आत सरकवला, तेव्हा काळवंडलेले बूच बाहेर पडले. तोवर डुकरांनी मका लोळवला होता.

"तेरड्यासारखे आणखी कितीजण आहेत?" राणीने विचारले.

कळायचे तर कुणाचे तरी तोंड उघडावे लागणार होते, आणि उघडलेल्याचा बार पुन्हा उडत नसे.

"माझं उघडा," सोनकी म्हणाली. "मी तेरडेदादांच्याच शेजारी उभी असते. माझ्यात काय आहे, ते मलाही बघायचंय."

तिच्या तोंडाच्या घड्या उलगडल्या. छर्रे, बूच आणि मागोमाग दारूचे ओलसर मिठासारखे काळे खडे खाली पडले. सोनकी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग भिंतीकडची काडतुसे एकेक करून न बोलावता पुढे येऊ लागली.

"माझी तपासणी कशाला?" झेंडू म्हणाला आणि लगबगीने फळीवरून उतरू लागला. उतरताना तो कलंडला. तेव्हा त्याचे बूड पहिल्यांदाच सगळ्यांना दिसले. टोपीभोवती ओलीने पितळेवर धरणारा, शेवाळासारखा हिरवागार कळंक चढला होता.