राजाची मूठ आणि भिवराचा घोडा

एका राज्यात डोंगर जागचे हलत. आज गावाच्या उगवतीला असलेला डोंगर उद्या मावळतीला जाऊन बसे, आणि लोक सकाळी उठून नव्या पायवाटा पाडत. पूर्वी असे नव्हते. पूर्वी दर पाडव्याला राजाच्या शिक्क्याचा हुकूम निघे, तो डोंगरांना वाचून दाखवला जाई, आणि डोंगर वर्षभर मुकाट जागेवर उभे राहत. पुढे हुकूम निघेनासा झाला. का, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या राज्यात भिवरा नावाची एक बाई घोडे पाळून राही. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. सगळी माया शिंगरांवर. तिच्या पागेत सब्जा नावाचा एक करडा घोडा होता. तो पाण्यावरून धावे. टाप भिजत नसे, पाणी नुसते थरथरे.

एके वर्षी एक लठ्ठ डोंगर चालत आला आणि भिवराच्या कुरणावर बसला. तिने विनवले, ढोल वाजवले, नैवेद्य ठेवला. डोंगराने नैवेद्य खाल्ला आणि तो आणखी ऐसपैस बसला. सगळे गवत त्याच्या बुडाखाली गेले. घोड्यांच्या फासळ्या दिसू लागल्या, शिंगरांच्या आयांचे दूध आटले, शिंगरे पालापाचोळा चघळू लागली.

अशात राजा हेमकेतूचा सांगावा आला, की महाराजांना सब्जा विकत हवा. भिवरा त्याला घेऊन गडावर गेली. राजा सज्जात उभा होता. खांद्यावर काळी घोंगडी, आणि उजवा हात घोंगडीच्या आत.

“काय घेशील?” राजाने विचारले.

“तळ्याकाठचं कुरण, महाराज. शिक्क्यानिशी.”

“दिलं. पौर्णिमेला सनद पोचेल. घोडा ठेवून जा.”

भिवराने दावे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या हाती दिले. सब्जाने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तिने पाहिले नाही. पाहिले असते तर पाय निघाला नसता.

पौर्णिमा आली नि गेली, सनद काही आली नाही. पुढचीही पौर्णिमा रिकामीच गेली. एके सकाळी धाकट्या शिंगराला पोटाखाली हात घालून उभे करावे लागले. भिवराने पदर खोचला. “किंमत नाही, तर घोडाही नाही,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने गडाची वाट धरली.

गडाच्या तटावर एक टिटवी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एकच विचारी, “दिलं का? दिलं का?”

“मला काय विचारतेस?” भिवरा म्हणाली. “मी माझं घ्यायला आले आहे.”

“मग ऐक, बाई. राजा ‘उद्या’ म्हणेल. त्याचा उद्या उजाडत नाही. आणि त्याचा उजवा हात बघितल्याशिवाय खाली उतरू नकोस.”

दरबार भरला होता. भिवराला पाहताच राजाने नजर खाली वळवली.

“उद्या ये,” तो म्हणाला.

“उद्या नाही, महाराज. एक तर कुरण द्या, नाही तर माझा घोडा.”

 राजाने डाव्या हाताने घोंगडी सावरली. मग म्हणाला, “या गडावरून परत काही न्यायचं तर तीन कामं करावी लागतात.”

“सांगा.”

“पहिलं. तुझा घोडा ओळख.”

पागेत एक जादूचा आरसा होता. त्याने एका सब्जाचे शंभर सब्जे करून ठेवले होते. सगळ्यांचा रंग तोच, डाव्या कानाची चीर तीच, आयाळीतला भोवराही तोच. भिवरा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडली. मग मधोमध उभी राहून तिने जिभेने टक्-टक् केले. चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या वेळी घरी ती असेच बोलवी. नव्याण्णव सब्जांनी कान टवकारले आणि ते तिच्या ओंजळीत तोंड खुपसायला धावले. कोपऱ्यातला एक मात्र हलला नाही. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला.

भिवराचे डोळे भरून आले. “तो रुसलेला माझा,” ती म्हणाली. “बाकीच्यांना मी कुठं विकलं होतं? ते कशाला रुसतील?”

आरशावरची वाफ पुसावी तसे बाकीचे घोडे पुसले गेले.

“दुसरं,” राजा म्हणाला. “लगाम नाही, दावं नाही, चाबूक नाही. त्याला चौकात आण. आल्यापासून त्यानं पाऊल उचललेलं नाही. माझी माणसं थकली.”

भिवरा घोड्याच्या कानाशी गेली. “सब्ज्या,” ती हळूच म्हणाली, “मी तुला विकलं. पोरं उपाशी होती म्हणून विकलं. पण तुला विचारलं नाही, हे माझं चुकलं. घरी चल.”

घोडा भिंतीकडेच बघत राहिला. भिवरा वळली आणि चालू लागली. तिने पाग ओलांडली, पायऱ्या उतरली. मागून टापांचा आवाज नव्हता. तरी तिने मागे पाहिले नाही. चौकात येऊन ती थांबली, आणि तिच्या मानेवर ऊन ऊन श्वास पडला. पाठोपाठ नाकाचा एक धक्काही बसला, चांगला जोराचा.

“बरं बरं,” भिवरा म्हणाली. “कळलं.”

तेव्हा राजाने सगळ्यांना चौकाबाहेर जायला सांगितले. तो पायऱ्या उतरून खाली आला. जवळून पाहता तो थकलेला दिसत होता.

“तिसरं काम,” तो म्हणाला. “तळ्यातल्या बेटावर मला ने. आवडाईच्या दारात.”

“आपल्या नावा आहेत की, महाराज.”

“मी बसलो की नाव बुडते. तिच्या थकलेल्या देण्याचं ओझं नावेला पेलत नाही. म्हणून तर हा घोडा घेतला. आणि हा माझ्याखाली हलत नाही.”

“उजवा हात दाखवा,” भिवरा म्हणाली.

राजाने हात घोंगडीबाहेर काढला. मूठ मिटलेली होती, दगडासारखी घट्ट. बोटांच्या फटीतून शिक्क्याची सोनेरी कड चमकत होती.

“आवडाई मांत्रिकीण आहे,” राजा सांगू लागला. “ही घोंगडी तिनं विणली. हिच्यात थंडी शिरत नाही, वय शिरत नाही. मी तिला दुभती गाय कबूल केली, आणि उद्या देतो, परवा देतो म्हणत राहिलो. शेवटी ती म्हणाली, ‘देत नाहीस ना? मग तो हात कोणालाच काही देणार नाही.’ शिक्का तेव्हा हातातच होता. तुला कुरण द्यायचं माझ्या मनात होतं, भिवरा. पण देता येईना, आणि सांगताही येईना.”

“माझी शिंगरं उपाशी होती,” भिवरा म्हणाली, “आणि तुम्हाला लाज वाटत होती!”

राजाने मान खाली घातली.

भिवराला राग आला होता आणि कीवही आली होती. घोडा तिच्यापाशी होता. निघून जाता आले असते. पण कुरणावरचा डोंगर शिक्क्याशिवाय उठणार नव्हता, आणि शिक्का त्या मुठीत होता.

“आधी सांगा, घोडा कोणाचा?”

“घोडा तुझा. सौदा मोडला.”

ते ऐकताच सब्जाने चारी पाय झाडले.

“आणि आवडाईला काय देणार?”

“मूठ उघडली तर गाय देईन.”

“नाही उघडली तर?”

राजाने मुठीकडे पाहिले.

“महाराज, किंमत देता येत नसेल तर वस्तू परत करावी. बाजारात हे पोराटोरांनाही कळतं. घोंगडी तर तुमच्या खांद्यावरच आहे.”

राजा तिच्याकडे बघतच राहिला. “इतकी वर्षं,” तो म्हणाला, “मला हे सुचलंच नाही.”

भिवरा पुढे बसली, राजा मागे. सब्जा काठावरून तळ्यात उतरला, म्हणजे तळ्यावर उतरला. पाणी थरथरले. खाली बुडालेल्या नावा दिसत होत्या, त्यांच्यातून मासे ये-जा करीत होते. टिटवी पुढे उडत होती. ती मुळात आवडाईचीच.

आवडाई दारात मागावर बसली होती. तिने वर पाहिले नाही. राजा उतरला आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसला.

“आवडाई, गाय आणलेली नाही. घोंगडी आणली आहे. हाताने देता येत नाही. तुझी तू घे.”

म्हातारीने धोटा खाली ठेवला. उठून तिने राजाच्या खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि नाकाशी नेली.

“धुतलीसुद्धा नाहीस,” ती म्हणाली.

तळ्यावरचा गार वारा राजाच्या अंगाला लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कुडकुडला. त्याचे केस बघता बघता पांढरे झाले. आणि मूठ उलगडली, आधी करंगळी, मग एकेक बोट. शिक्का जमिनीवर पडला. तळहात तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखा गोरापान आणि मऊ होता. राजा तो उलटासुलटा करून पाहत राहिला, आणि हसू लागला.

“घोंगडी हवी असेल तर ये परत,” आवडाई म्हणाली. “गाय घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी राज्यात हुकूम वाचला गेला, आणि दिवसभर डोंगर आपापल्या जागी परतत होते. लोक दारात उभे राहून त्यांना वाट देत होते. गडावर रांग लागली. लोहार आला, गवंडी आला, ज्याने पूर्वी ती टिटवी धरून आवडाईला विकली होती तो फासेपारधीही उगीच बघायला आला. ज्याचे जे अडले होते ते राजाने आपल्या हाताने दिले. नव्या हाताला देण्याची हौसच आली होती. तळ्याकाठचे कुरणही त्याने भिवरापुढे केले. भिवराने ते घेतले नाही. सौदा मोडला म्हणजे मोडला, आणि तिचे स्वतःचे कुरण तिला पुरेसे होते.

ती घरी पोचली तेव्हा लठ्ठ डोंगर उठायच्या बेतात होता. कण्हत, कुथत तो उभा राहिला, अंगावरची झाडे त्याने सावरली आणि तो ओढा ओलांडून गेला. खालचे गवत चपटे नि पिवळे पडले होते. पण मुळे जिवंत होती, आणि थोड्याच दिवसांत कुरण पुन्हा हिरवे झाले. सब्जा त्यात पहिला शिरला. मागोमाग शिंगरे धावली, धाकटे सर्वांत शेवटी, आपल्या पायांनी. भिवरा बांधावर बसून त्यांचे गवत तोडणे ऐकत राहिली. तिला उठावेसेच वाटेना.

ज्याचे होते ते त्याला पोचले. तुमचेही तुम्हाला असेच पोचो.