खालचा सूर

"म्हणजे श्वास कुठे घ्यायचा, हे कुणीच ठरवून देत नाही?"

"नाही."

"मग तुमचा खालचा सूर तुटत कसा नाही, सिस्टर?"

सिस्टर लुद्विनांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "गाऊन बघा."

मुकुंद सोवनीला हे उत्तर आवडलं नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवू नये म्हणतात, आणि इथे एक म्हातारी जोगीण ख्यालगायकाला गाऊन बघायला सांगत होती.

पण गरज त्याची होती.

वसईच्या किनाऱ्याजवळच्या एका कॉन्व्हेंट शाळेत दर रविवारी दुपारी सिस्टरांचा गायकवृंद जमत असे. कुणी नर्स, कुणी वकील, कुणी बागायतदार. ही मंडळी लॅटिन गात, झुलू गात, फिनलंडचं अंगाईगीत गात आणि शेवटी आपल्या कादोडी बोलीतलं लग्नाचं गाणं म्हणून घरी जात. परकी भाषा कुणालाच येत नसे. पण सिस्टर आधी एकेका शब्दाचा अर्थ सांगत, उच्चार घोटून घेत, आणि अर्थ न विचारता गाणाऱ्याला ओळीतून काढून बाजूला बसवत.

मुकुंदने त्यांना एकदा ऐकलं होतं. वर गाणं कुठल्या कुठे फिरत होतं आणि खाली एक सूर अखंड चालला होता. माणसंच गात होती, तरी कुठे खंड नाही. यांच्याकडे दमसासाची काहीतरी युक्ती आहे, अशी त्याची खात्री झाली. ती शिकायला आलोय, एवढंच त्याने सिस्टरांना सांगितलं.

जे सांगितलं नाही ते असं. गेल्या वर्षी सांगलीच्या मैफलीत, लांब आलापाच्या मधोमध, त्याची छाती आवळली आणि आवाज थांबला. भरलेलं सभागृह त्याच्याकडे बघत राहिलं. त्यानंतर आलेलं प्रत्येक बोलावणं त्याने घसा बसल्याचं सांगून परतवलं. घसा ठणठणीत होता. भीती बसली होती, आणि ती उठायला तयार नव्हती. महिनाअखेरीस गुरुजींच्या पुण्यतिथीला त्याला गायचं होतं. तिथेही नाही म्हटलं तर आपण पुन्हा कधीच गाणार नाही, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी जॉर्जिया देशातलं गाणं होतं. तिकडच्या काही गावांत जेवणाच्या लांब टेबलाभोवती बसून असं गातात, सिस्टरांनी सांगितलं. वर दोन आवाज फिरतात, बाकीचे खाली एकच सूर शेवटपर्यंत धरून ठेवतात.

त्यांनी मुकुंदला खालच्या ओळीत उभं केलं.

"मी एकच सूर लावायचा?"

"हो."

"म्हणजे मी तानपुरा."

"तानपुऱ्याला श्वास लागत नाही, बुवा. तुम्हाला लागेल."

वरचे आवाज गाणाऱ्या दोघी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मुकुंदचे कान तापले.

"नियम एवढाच," सिस्टर म्हणाल्या. "शेजारी गात असेल तेव्हा आपण श्वास घ्यायचा. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा... काही झालं तरी थांबायचं नाही."

शेजारी म्हणजे बावतीस सर. निवृत्त मुख्याध्यापक, बोलायला तिखट आणि दम्याचे जुने धनी. खालच्या ओळीतले बाकीचे लग्नाला गेले होते, त्यामुळे सगळा भार या दोघांवर होता.

गाणं सुरू झालं.

मुकुंदने सवयीप्रमाणे डोळे मिटले, डावा हात कानावर ठेवला आणि सूर लावला. सूर असा लागला की वरच्या दोघींनी वळून बघितलं. त्याला बरं वाटलं. ओळ संपली तशी त्याने ऐटीत श्वास घेतला.

नेमका तेव्हाच बावतीस सरांनी घेतला.

खाली भगदाड पडलं. वरचे दोन्ही आवाज पायाखालची फळी सरकल्यासारखे डगमगले आणि थांबले.

सिस्टर रागावल्या नाहीत. जवळ आल्या आणि त्यांनी मुकुंदचा हात कानावरून अलगद खाली घेतला.

"हा कान बावतीसकडचा आहे."

"हात ठेवल्याशिवाय मला माझा सूर नीट ऐकू येत नाही."

"तो आम्हाला येतोय की."

पुन्हा गाणं सुरू झालं. आता मुकुंदला शेजार ऐकू येऊ लागला. आत घेतलेल्या प्रत्येक श्वासाला शीळ होती, सुराच्या शेवटाला खरखर होती. अर्धी ओळ झाली की म्हातारा थांबे आणि मुकुंदला एकट्याने ओढत न्यावं लागे. त्याला कीव आली, मग चीड आली. गाणं संपताच तो सिस्टरांपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला,

"रागावू नका, सिस्टर. पण त्यांना दमा आहे. त्यांना या सुरावर कशाला ठेवता?"

"वरच्या ओळीत मला बायका घेत नाहीत, म्हणून," बावतीस सर तिकडून म्हणाले. दम्याने त्यांचे कान मात्र शाबूत ठेवले होते.

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

या वेळी गाणं जमलं. शाळेच्या व्हरांड्यातली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. वरचे आवाज चढत गेले, आणि ऐकणाऱ्यांची ती शांतता मुकुंदला ओळखीची वाटली.

ती सांगलीची शांतता होती.

छाती आवळली. शेजारी बावतीस सरांचे खांदे श्वासासाठी वर येताना त्याने पाहिले. आता आपण थांबायचं नाही, हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग? आवाज बंद पडला.

त्याने डोळे मिटले आणि भगदाडाची वाट बघितली.

...

भगदाड पडलं नाही. खाली सूर होता. बारीक झाला होता, कापत होता, त्यात खरखर होती, पण होता. वरच्या दोघी त्याच्यावर पाय ठेवून निर्धास्त पुढे गेल्या. मुकुंद नुसता तोंड उघडं टाकून उभा राहिला. हळूहळू श्वास आपला आपण आत आला, आणि आवाजही आला. शेवटच्या ओळीपर्यंत तो गायला.

दारातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मंडळी चहाकडे वळली.

मुकुंद सिस्टरांसमोर येऊन उभा राहिला. डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

"मध्ये माझा आवाज थांबला होता, सिस्टर."

"हं."

"सांगलीत थांबला, तेव्हा सगळ्या सभागृहाला कळलं. वर्ष झालं, मी गायलो नाही."

सिस्टरांनी हातातली गाण्याची वही मिटली.

"आणि इथे..." त्याला हसू आलं. त्यात सुटका होती, आणि खोटं कशाला बोला, थोडा रुसवाही होता. "इथे कुणालाच कळलं नाही."

सिस्टरांनी दाराकडे बघितलं. बाहेर पायरीवर बावतीस सर गुडघ्यांवर कोपर टेकून वाकून बसले होते. औषधाचा पंप तोंडाला लावलेला होता, आणि पाठ अजून वरखाली होत होती.

"एकाला कळलं, बुवा," त्या म्हणाल्या. "जा, त्यांच्याजवळ बसा. बोलायला लावू नका."